जाळी उडवणारी

माझं काम एवढंच:
नवरीच्या डोक्यावरची पाच मीटर जाळी
दोन्ही हातांनी उचलायची,
एक, दोन म्हणायचं,
तीनला हवेत फेकायची
आणि जाळी खाली यायच्या आत
फोटोतून पळून जायचं.

पायात रबरी तळाचे बूट, कारण खडक शेवाळलेले.
छिंगदाओच्या या किनाऱ्यावर एप्रिलात
सकाळी सहापासून नवऱ्या रांगेत असतात.
भाड्याचे झगे,
पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून
मापात आणलेले.
आत लोकरी पायमोजे, वर होणाऱ्या नवऱ्याचा जाड कोट;
लाओ फांग ओरडला की तो उतरवायचा
आणि थंडी कशी ती ठाऊक नाही असं हसायचं.

"वांगं म्हणा, वांगं!"
आमच्याकडे फोटो काढताना वांगं म्हणतात,
ओठ आपोआप कानांपर्यंत जातात.
दुपारपर्यंत इथे इतकी वांगी होतात
की बाजारात भाव पडावेत.

धावा. उडी मारा. उचला तिला,
कंबर सांभाळून, तुमची.
आता असं बघा, जसं पहिल्यांदाच बघताय.
एकानं खरंच विचारलं होतं:
पहिल्यांदा ही माझी दाढ उपटत होती,
तसं बघू का?

पळून मी जाते ती मोठ्या खडकामागे.
तिथे सगळ्या असतो,
पंधरा स्टुडिओंच्या पंधरा जाळीवाल्या,
उकिडव्या, माना खाली,
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
पुढे सुख चाललेलं असतं. मागे टरफलं.
कुणाचं तरी 'चला!' ऐकू आलं
की एक उठते.

त्या मंगळवारी आमची नवरी छू वनज्ये.
डायलिसिसच्या वॉर्डातून रात्रपाळी करून थेट आलेली,
मनगटावर हातमोज्याच्या रबराचा वळ,
मेकअपवाली त्याच्यावर पावडर थापत होती.
तिचा स्वी चाओलिन गोदीत जहाजं रंगवतो;
नखांच्या कडेला लाल,
काही केल्या न निघणारा.
दोघांना खडकावर बसवलं.
लाओ फांगनं लेन्स बदलायला घेतली.
एवढ्यात
वनज्ये झोपली.

बसल्या बसल्या, त्याच्या खांद्यावर,
तोंड किंचित उघडं.

"उठवा तिला. दहा मिनिटांचा खडक आहे आपला."
चाओलिन काही बोलला नाही.
डावा हात तेवढा वर केला,
गोदीत क्रेनवाल्याला दाखवतात तसा: थांब.

क्रेन थांबते. लाओ फांगही थांबला.
रांगेत कुरकुर झाली,
मग मागची नवरी झगा गोळा करून वाळूत बसली,
पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं,
सोलून अर्धं आपल्या माणसाला दिलं.
पोहायला आलेले म्हातारे, लाल चड्ड्यांतले,
जे एरवी मुद्दाम फोटोच्या मधून जातात,
वळसा घालून गेले.

माझ्या हातात जाळी तशीच.
एक दोन तीन कुणी म्हटलंच नाही.
वाऱ्यानंच ती ओढून घेतली,
वर गेली, पसरली,
आणि येऊन चाओलिनच्या तोंडावर चिकटली.
तो हलला नाही. नाकानं फुंकत राहिला.
जाळी फुगायची, बसायची,
फुगायची.
पळायचं मी विसरले.

लाओ फांगनं बटण दाबलं. सवयीनं असेल.

स्टुडिओत मॅनेजरबाईंनी तो बाद केला:
नवरीचे डोळे मिटलेले, नवऱ्याला चेहराच नाही,
आणि कडेला ही कोण, निळ्या जाकिटातली?
बाकीचे चाळीस घेतले. त्यांत दोघं उड्या मारतायत.
त्या एकाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

संध्याकाळी जाळी बादलीत भिजवते.
वाळू तळाशी बसते, शेवाळ वर येतं,
थोडी पावडर, कुणाचा तरी लांब केस.
उद्या सहाला हीच, दुसऱ्या डोक्यावर.
पिळायची नाही, फाटते.
नुसती झटकायची.
झटकताना तोंडातून जातंच:
एक, दोन.